पर्यावरणशास्त्र कोणासाठी शिकावयाचे?

(जिल्हा अभ्यासशिबिरात विद्यार्थी व कार्यकर्ते यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



काल रात्री जेवणाच्या पंगतीत आपल्यापैकी एका जुन्या कार्यकर्त्याने मला एक प्रश्न विचारला. त्यांची मुलगी यंदा रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली आहे आणि तिला पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करावयाचे आहे. ‘सर, ह्या पदवीचा उपयोग काय? नोकरी लागेल का, आणि लागली तर ती कोणाची?’ प्रश्नाचा शेवटचा भाग त्यांनी सहज म्हणून जोडला असेल. परंतु रात्री माझ्या मनात घोळत राहिला तो तोच. संयोजकांनी मला विद्यापीठांतील पर्यावरणशास्त्राच्या अभ्यासावर बोलावयास सांगितले आहे. आज मी जे सांगणार आहे ते सारे या प्रश्नाचे उत्तर देण्याचा एक प्रयत्न आहे, असे आपण समजावे.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार कोणता, अशी शंका कोणी घेतली तर ती रास्त ठरेल. माझे उत्तर इतकेच की, तालुक्याच्या गावी असलेल्या एका महाविद्यालयात मी हा विषय पंधरा वर्षे शिकविला, आणि बराच काळ तो वाईट शिकविला. ते कसे घडले हे आधी सांगितले पाहिजे, कारण तो माझ्या एकट्याचा अनुभव नाही.

एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या नोव्हेंबरमध्ये एक निर्णय दिला. पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांतून सक्तीने शिकविला जावा, असे त्यात म्हटले होते. बारा वर्षे त्यावर फारसे काही झाले नाही. २००३ च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने पुन्हा बजावल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. त्याचे पन्नास तास; पैकी पंचेचाळीस वर्गातील व्याख्यानांचे आणि पाच प्रत्यक्ष बाहेर जाऊन पाहण्याचे. शंभर गुणांपैकी पंचवीस या पाहणीला. २०२३ मध्ये आयोगाने नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. पण माझी हयात गेली ती त्या पहिल्या अभ्यासक्रमावर.

अभ्यासक्रम सक्तीचा झाला, परंतु अध्यापक आले नाहीत. मग कार्यभार कोणाचा कमी भरतो याचा शोध सुरू झाला. आमच्याकडे अर्थशास्त्राचे तास कमी भरत होते. तेव्हा विषय माझ्या वाट्याला आला. शेजारच्या महाविद्यालयात तो भूगोलाच्या, आणखी कोठे इतिहासाच्या प्राध्यापकाकडे गेला. आम्ही गाईड वाचून शिकवीत होतो आणि मुले गाईड वाचून उत्तरे लिहीत होती. पाहणीच्या पाच तासांची जागा ‘प्रकल्प वही’ने घेतली, आणि ती वही झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळू लागली. हवा, पाणी, वने यांविषयी आपल्या देशातील लाखो पदवीधरांना विद्यापीठाने जे दिले ते बव्हंशी हेच.

एका वहीची गोष्ट

अशा वह्यांच्या ढिगाऱ्यात एका वर्षी एक वेगळी वही आली. कला शाखेच्या दुसऱ्या वर्षातील एका मुलीची. तिच्या गावाजवळ साखर कारखाना आणि त्याला जोडलेली आसवनी होती. गावातील नऊ विहिरींचे पाणी तिने ऑगस्टपासून फेब्रुवारीपर्यंत दर रविवारी पाहिले होते. रंग कसा, वास येतो का, आम्लता किती आणि क्षारांचा अंदाज देणारी विद्युतवाहकता किती. शेवटच्या दोन गोष्टी आमच्या रसायनशास्त्र विभागातील प्रयोगशाळा परिचराने तिला मोजून दिल्या होत्या. हंगाम सुरू होण्यापूर्वीचे आकडे आणि गाळप ऐन भरात असतानाचे आकडे शेजारी शेजारी मांडलेले होते. चार विहिरींचा फरक कोणाच्याही डोळ्यांत भरावा असा होता.

तिच्या तक्त्यात आणखी एक रकाना होता. ज्या आठवड्यात विहिरीचे पाणी पिण्याजोगे नसे, त्या आठवड्यात घरातील बायकांनी पाणी कोठून आणले, किती हंडे आणले आणि त्यात किती वेळ गेला, हे तिने लिहिले होते. मी त्या वहीला पंचवीसपैकी एकवीस गुण दिले. चार गुण का कापले, तेही सांगतो. हंड्यांचा हिशेब पर्यावरणशास्त्रात बसत नाही, असा शेरा मी लाल शाईने लिहिला होता. अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाने तो लिहिला होता.

काही वर्षांनी, नियमाप्रमाणे, जुन्या उत्तरपत्रिका आणि प्रकल्प वह्या रद्दीत काढण्यात आल्या. रद्दीच्या यादीवर सही माझी होती.

निवृत्तीनंतर त्याच आसवनीच्या विस्तारासाठी जनसुनावणी झाली. मी श्रोत्यांत बसलो होतो. गावातील माणसे एकामागून एक उठून सांगत होती की, हंगामात विहिरीला तांबूस पाणी येते. कंपनीच्या अहवालातील भूजलाचे नमुने मात्र तीन महिन्यांचे होते, आणि त्यांत सारे काही मर्यादेत होते. व्यासपीठावरील अधिकाऱ्यांनी अगदी सौजन्याने विचारले, ‘आपल्यापाशी काही लेखी नोंदी आहेत का?’ मंडपात शांतता पसरली. नोंदी होत्या, मित्रहो. सात महिन्यांच्या, नऊ विहिरींच्या, तारीखवार. त्या मी किलोच्या भावाने विकल्या होत्या.

मोजल्याखेरीज गत्यंतर नाही

या अनुभवातून मला पर्यावरणशास्त्राविषयी दोन गोष्टी कळल्या. पहिली अशी की, हे शास्त्र आहे आणि ते शास्त्र म्हणूनच शिकले पाहिजे. आपल्या चळवळीत प्रदूषणाविरुद्ध घोषणा पुष्कळ झाल्या. पण घोषणेला सुनावणीत किंमत नसते.

मळीपासून मद्यार्क काढल्यावर जे गडद तपकिरी सांडपाणी उरते त्याचेच उदाहरण घ्या. पाण्यातील सेंद्रिय घाण कुजविताना सूक्ष्म जीव पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. किती वापरतात ते मोजले की घाणीचे मान कळते. याला जैविक प्राणवायूची मागणी म्हणतात. या सांडपाण्याची ही मागणी, प्रक्रिया केली नाही तर, लिटरला चाळीस हजार मिलिग्रॅमच्या घरात जाते. आपल्या हवामानात स्वच्छ नदीच्या एक लिटर पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो तो सुमारे आठ मिलिग्रॅम. आता भागाकार करा. एक लिटर कच्चे सांडपाणी पाच हजार लिटर स्वच्छ पाण्यातील सगळा प्राणवायू संपवू शकते. नदीत मासे उलटे होऊन तरंगू लागतात ते यामुळे. बहुतेक वेळा ते गुदमरून मेलेले असतात. एवढे गणित सातवीच्या मुलाला येते. ते आपल्या किती कार्यकर्त्यांना सांगता येईल?

याच मोजमापाचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. ते रूढ केले ब्रिटनमधील सांडपाणीविषयक शाही आयोगाने, १९१२ च्या आपल्या अहवालात. नमुना पाच दिवस ठेवण्याचे कारण सामान्यतः असे सांगतात की, तेथील नदीचे पाणी उगमापासून समुद्रापर्यंत पोचण्यास त्याहून अधिक काळ लागत नाही. आपल्या नद्या लांब, आपले पाणी उष्ण. म्हणून आपल्याकडे ही चाचणी २७ अंश सेल्सियसला तीन दिवस ठेवून करतात. तात्पर्य, प्रयोगशाळेतील आकड्यामागेही कोणती तरी नदी आणि कोणते तरी लोक गृहीत धरलेले असतात. हवेतील अतिसूक्ष्म धूलिकणांची वार्षिक मर्यादा आपल्या देशाने २००९ मध्ये घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम ठरविली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ असावी असे सुचविले. चंद्रपूरच्या मजुराचे फुप्फुस जिनीव्हातील माणसाच्या फुप्फुसाहून आठपट टणक आहे, असे कोणतेही जीवशास्त्र सांगत नाही. चाळीस हा आकडा विज्ञान आणि राज्यकारभार यांच्या तडजोडीतून आला आहे. विद्यार्थ्याने आकडा पाठ करावा, आणि तो कोणी व का ठरविला हेही विचारावे.

हिशेबाचा सुटलेला रकाना

दुसरी गोष्ट माझ्या विषयाशी निगडित आहे. कारखान्याच्या धुरामुळे शेजाऱ्याचे जे नुकसान होते ते कारखान्याच्या हिशेबात येत नाही, हे पिगू यांनी १९२० मध्येच सांगितले होते. विल्यम काप यांनी १९५० मध्ये खाजगी उद्योगांच्या सामाजिक परिव्ययावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: उत्पादनाचा खर्च कमी झालेला दिसतो तेव्हा पुष्कळदा तो दुसऱ्या कोणाच्या तरी माथी मारलेला असतो, आणि ज्याच्या माथी तो बसतो तो बहुधा दुबळा असतो, त्याच्याजवळ पावती नसते. हा सिद्धांत मी वर्षानुवर्षे फळ्यावर शिकविला. त्या मुलीने हंड्यांच्या रकान्यात तोच उतरविला होता. आसवनीचा वाचलेला खर्च तिच्या आईच्या डोक्यावरून वाहून नेला जात होता. मला तो ओळखता आला नाही, कारण तो इंग्रजी पुस्तकात नव्हता.

पर्यावरणशास्त्र या दोन पायांवर उभे असते. एक पाय रसायन, जीव, भूगर्भ या शास्त्रांचा; दुसरा, कोण भोगतो आणि कोण भरतो या प्रश्नाचा. आपल्याकडे ही परंपरा नवी नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान हे कृषिरसायनाचे तज्ज्ञ. कालव्याचे पाणी बेसुमार दिल्याने भूजल वर येते, ते उन्हाने उडून जाते आणि क्षार मागे राहून जमीन खारवते. नीरेच्या खोऱ्यातील अशा जमिनींचा अभ्यास त्यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केला. त्याच माणसाने पुढे पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या खेड्याची पाहणी केली. १९१७ साली निघालेल्या त्या पुस्तकात जमीन आणि विहिरी आहेत, जमिनीचे झालेले तुकडे आहेत आणि कुटुंबांची कर्जेही आहेत. माती तपासणाऱ्या माणसाला कर्ज मोजणे विषयाबाहेरचे वाटले नाही.

नागपूरच्या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे उदाहरणही बोलके आहे. १९५८ मध्ये ती स्थापन झाली तेव्हा तिच्या नावात सार्वजनिक आरोग्य हे शब्द होते. १९७४ मध्ये तेथे पर्यावरण हा शब्द आला. नाव बदलणे काळाला धरूनच होते. तरीही या विद्येचा आरंभ पिण्याचे पाणी आणि गटारे यांपासून झाला, हे आपण विसरू नये.

येथे एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे. सहकारी साखर कारखाना हे आपल्या विचाराच्या माणसांना आपलेच अपत्य वाटत आले. धनंजयराव गाडगीळ प्रवरेच्या सहकारी कारखान्याचे पहिले अध्यक्ष होते. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची मोजणी करणारा त्यांचा १९४८ चा अभ्यास आजही आदर्श मानावा असा आहे. लाभाचा काटेकोर हिशेब त्या पिढीने घालून दिला. हानीचा तितकाच काटेकोर हिशेब मांडण्याचे काम पुढच्या पिढीकडे आले. योगायोग असा की, त्यांचेच चिरंजीव माधवराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाटाविषयीचा अहवाल २०११ मध्ये तयार झाला, आणि अंतिम निर्णय ग्रामसभांशी चर्चा करून घ्यावा असे त्यात म्हटले होते. सरकारने तो अहवाल दाबून ठेवला. माहितीच्या अधिकाराखाली मागणी झाल्यावर २०१२ मध्ये तो लोकांपुढे आला. आपण मात्र, कारखाना सहकारी आहे म्हणून ओढ्याच्या रंगाकडे अनेक वर्षे डोळेझाक केली. खाजगी भांडवलाने सोडलेले सांडपाणी काळे आणि सभासदांच्या मालकीचे सांडपाणी पांढरे, असे रसायनशास्त्रात नाही.

पदवीधर आणि त्याचा धनी

आता त्या कार्यकर्त्याच्या प्रश्नाकडे येतो. पर्यावरणशास्त्राच्या पदवीधराला काम कोठे मिळते? थोड्यांना प्रदूषण नियंत्रण मंडळात. आपल्या राज्याने तर केंद्राच्या पाच वर्षे आधी, १९६९ मध्ये, जलप्रदूषणाचा कायदा केला आणि १९७० मध्ये मंडळ स्थापले. काहींना कारखान्याच्या पर्यावरण विभागात, काहींना प्रयोगशाळांत, आणि पुष्कळांना सल्लागार संस्थांत. कोणताही मोठा प्रकल्प उभारण्यापूर्वी त्याच्या परिणामांचा अहवाल करावा लागतो. १९९४ च्या अधिसूचनेने हे बंधन आले, १९९७ मध्ये त्यात जनसुनावणी आली, आणि २००६ च्या अधिसूचनेने आजची पद्धत घातली. त्या पद्धतीत अहवाल सल्लागार लिहितो, आणि सल्लागाराचे पैसे ज्याला प्रकल्प उभारावयाचा आहे तोच देतो. वकील पक्षकाराकडून पैसे घेतो हे आपण समजू शकतो; येथे साक्षीदार आणि तपासनीस दोघांचाही पगार एकच पक्षकार देतो.

यावरून ही सारी मुले विकली गेली आहेत असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्यांत प्रामाणिक, कष्टाळू मुले मी पाहिली आहेत. नमुने नेमके घेतात, आकडे खरे लिहितात. परंतु कोणत्या महिन्यात मोजावयाचे, कोणत्या विहिरी घ्यावयाच्या आणि हंड्यांचा रकाना ठेवावयाचा की नाही, हे त्यांच्या हाती नसते. म्हणून माझे उत्तर असे: मुलीला अवश्य पाठवा. तिने रसायनशास्त्र पक्के करावे, सांख्यिकी शिकावी, आणि त्याबरोबर कायदा व अर्थशास्त्रही वाचावे. नोकरी करावी लागेल. त्यात कमीपणा नाही. मात्र तिच्या विद्येला दुसरा धनीही असावा, आणि तो आपण निर्माण केला पाहिजे. मोजणारा माणूस पलीकडे असतो आणि अलीकडे केवळ संताप असतो, ही स्थिती बदलणे आपल्या हाती आहे.

त्यासाठी काय करावे? मोठी योजना मजजवळ नाही. चार साध्या गोष्टी सांगतो.

पहिली, महाविद्यालयांतील पाहणीचे गुण खऱ्या पाहणीला मिळावेत असा आग्रह धरा. दरवर्षी नव्या मुलांनी त्याच विहिरी, तोच ओढा, तीच टेकडी मोजावी. एका वर्षाचा आकडा म्हणजे किस्सा. दहा वर्षांचे आकडे म्हणजे पुरावा. प्रत्येक वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत राहावी. जैवविविधता कायदा २००२ मध्ये झाला. त्याखाली गावोगाव लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. तेथेही या मुलांची मदत होईल.

दुसरी, हे सारे मराठीत व्हावे. सुनावणीपूर्वी अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो, पण मूळ अहवाल शेकडो पानांचा आणि इंग्रजीत असतो. त्याची निवडक पाने गावाला मराठीत समजावून सांगणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्याचे उत्तम प्रात्यक्षिक ठरेल.

तिसरी, नियम वाचा. सुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी लागते. सुनावणीला गणसंख्येची अट नाही. म्हणजे तुम्ही गेला नाहीत तरी ती होते. शेवटी नोंदविलेले मुद्दे स्थानिक भाषेत वाचून दाखवावे लागतात. ते वाचले जाईपर्यंत उठू नका.

चौथी सर्वांत अवघड. मोजमाप कधी आपल्या विरुद्धही जाईल. विहिरीतील नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेबाहेर गेलेले दिसेल, आणि त्याचा माग कारखान्याकडे न जाता आपल्याच उसाच्या खताकडे किंवा गावातील शोषखड्ड्यांकडे जाईल. तेव्हा तो आकडाही तितक्याच मोठ्याने वाचून दाखविण्याची तयारी हवी. ती नसेल तर आपल्या पहिल्या आकड्यावर कोणी विश्वास का ठेवावा?

मित्रहो, ती विद्यार्थिनी आता कोठे असते मला ठाऊक नाही. भेटली तर कापलेले चार गुण देण्याचा अधिकार मजजवळ उरलेला नाही. त्या गावात मात्र गेल्या ऑगस्टपासून तीन मुले दर रविवारी त्याच नऊ विहिरींचे पाणी मोजत आहेत. त्यांच्या तक्त्यात हंड्यांचा रकाना आहे, आणि वहीची एक प्रत ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे. विद्युतवाहकता मोजण्याचे छोटे यंत्र मी माझ्या निवृत्तिवेतनातून घेऊन दिले. आपापल्या तालुक्यात अशी एक तरी वही सुरू झाली, तर आजचे माझे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.